अण्णांच्या गाडीचा हीटर

नवी मुंबईत गाडीचा हीटर दुरुस्त करून घेणारी बाई म्हणजे मी. बेलापूरच्या आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी मी सहज विचारलं, हीटरचं काम कोण चांगलं करतं, तर समोरचे गृहस्थ म्हणाले, "गीझर म्हणायचंय का मॅडम?" म्हटलं, गीझर नाही, हीटर, गाडीचा. अख्खं टेबल हसलं. हसू दे. इथं डिसेंबरातसुद्धा दुपारी गाडीत बसलं की सीट चटका देते, एसीवाचून माणूस कासावीस होतो, आणि ही बया हीटर शोधत फिरतेय म्हटल्यावर कोणीही हसेल.

मला मात्र हसू येत नव्हतं. वडिलांचं वर्षश्राद्ध पौषात, गाव वाईच्या पुढं डोंगराखाली, आणि आईला दमा. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, "पौषातली पहाट हिला सोसायची नाही. न्यायचंच असेल तर ऊब सांभाळून न्या, नाहीतर नेऊच नका." मी आईला म्हटलं, चांगली नवी गाडी भाड्याने करू, आरामात जाऊ. आईनं मान फिरवली. "जायाचं तर ह्यांच्याच गाडीतनं. न्हाईतर तू जा, मी बसते हितंच."

ह्यांच्याच गाडीतनं का, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ते सांगायचं तर आधी वडिलांचा हात सांगावा लागेल.

अण्णा वाशीच्या मार्केटात माथाडी होते. पोती वाहून पाठ हळूहळू गेली, डाव्या हाताचं मधलं बोट मात्र एका झटक्यात गेलं. ट्रकचा फाळका खाडकन खाली आला आणि वरचं पेर तिथंच राहिलं. लहानपणी मी विचारायचे, अण्णा, बोट कुठं गेलं? तर म्हणायचे, "बटाट्याच्या गोणीत गेलं, फुडच्या ट्रकनं येईल म्हागारी." मी बरीच वर्षं ते खरं धरून चालले होते.

रिटायर झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली. पांढरी, सेकंडहँड, तेव्हाच जुनी. दर हिवाळ्यात आईला शेजारी बसवून पहाटे गावाला निघायचे. थंडीत त्यांच्या हातांना भेगा पडायच्या, म्हणून निघताना खोबरेल तेल चोळायचं आणि तसेच तेलकट हात स्टिअरिंगवर ठेवायचे. घाटात काच आतून पांढरी झाली की फडकं घ्यायचं नाव नाही. डावा पंजा काचेवर टेकवायचा आणि बाजूला ओढायचा, झालं. आई दर वेळी ओरडायची, "अवो, फडकं हाय की फुडं!" आणि अण्णांचं उत्तर ठरलेलं, "हात हाय की."

गेल्या पौषात दोघं असेच गावाहून परतले आणि त्याच आठवड्यात अण्णा गेले. दुपारी जेवून जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांना ना भाऊ ना मुलगा, मी एकटीच. त्यांच्या कोपरखैरण्याच्या खोलीला कुलूप लावून आईला मी माझ्याकडे सीवूड्सला आणलं, आणि गाडीही आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली.

श्रावणात एकदा मी ती घेऊन ऑफिसला गेले होते. संध्याकाळी परतताना सिग्नलला थांबले. बाहेर पाऊस लागलेला, काचा वर, एसी बंद. समोरची काच कडेकडेनं पांढरी होत गेली आणि त्या पांढऱ्यात मधोमध एक पंजा उमटला. डावा हात. चार बोटं पुरी, मधलं आखूड. पुढं डावीकडं ओढल्याचा फराटा.

सिग्नल कधी सुटला मला कळलंच नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा केला. हे बघा, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. तेलकट हात काचेला लागला की डाग राहतो, तिथं वाफ वेगळी धरते, म्हणून तो दिसतो. गाडी धुणारा बाहेरून धुतो, आतून काच कोण पुसतंय? सगळं कळतं हो मला. तरी तो हात पुसवेना. फडकं उचललं, हातात धरलं आणि तसंच परत ठेवलं. एसी लावला. काच निवळत गेली तसा तो हातही निवळत गेला, आधी बोटं, मग तळवा. त्या दिवसापासून पाऊस असला की मी रिक्षाने ऑफिसला जायला लागले. भीती वाटायची, खोटं कशाला बोलू?

आईला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण एकदा भर पावसात तिला डॉक्टरकडे न्यावं लागलं आणि तिला तो दिसलाच. आई घाबरली नाही, रडलीही नाही. अण्णा बाहेरून घरात आले की करायची तसा तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "हितं हाय व्हय तुमी."

झालं. मी ऑफिसला गेले की आई खुंटीवरची किल्ली घेऊन खाली जायला लागली. मला हे वॉचमनकडून कळलं. बिचारा बिचकत बिचकत म्हणाला, "मॅडम, मावशी गाडीत काचा लावून बसतात. बोलतात कोणाशी तरी." आपल्या श्वासानं काच धुकं धरेपर्यंत ती बसून राहायची आणि मग हात दिसला की गप्पा. भाजी काय केली, मी कशी चिडते, अमक्या पाहुण्यांकडं बारसं झालं, सगळं. सोसायटीत कुजबुज सुरू झाली. लिफ्टमध्ये एकीनं तर मला कुठल्याशा बाबाचा पत्ता देऊ केला. तिला मी काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

आईला मात्र मी फैलावर घेतलं. दमेकरी बाई बंद गाडीत बसते म्हणजे काय! "मरायचंय का तुला?" "मला कुटं मरायचंय? मला बोलायचंय," असं म्हणून ती पोळ्या लाटायला लागली. मी किल्ली पर्समध्ये टाकली, तर बाईसाहेबांनी जेवण टाकलं. शेवटी काच दोन बोटं खाली ठेवायच्या अटीवर किल्ली परत केली. ती अट तिनं कधी पाळली असेल असं मला वाटत नाही.

पाऊस संपला, ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं आणि काच धुकं धरेना. आई घामानं निथळत वर यायची आणि पंख्याखाली बसून राहायची. एके दिवशी ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, "गेले का काय गं? अजून वरीस व्हायाचंय की." आमच्याकडं असं मानतात, वर्षश्राद्ध झालं की माणूस पितरांत जातो. तोवर आपल्या माणसांच्या आसपास असतो, त्या दिवशी त्याला वाटेला लावायचं. आईच्या मनानं घेतलं होतं, अण्णांना त्यांच्याच गाडीतून त्यांच्या गावाला न्यायचं, घाटातल्या थंडीत एकदा तोंड बघायचं आणि मग घालवायचं. म्हणजे तिच्या हिशेबी गावाला जाणारे आम्ही तिघं होतो.

असा हा हीटर माझ्या गळ्यात पडला. पार्किंगमध्ये गाडी चालू करून बटण लाल खुणेवर फिरवलं. पंखा जोरात, हवा थंडगार.

अण्णा गाडी तळवलीच्या एका गॅरेजला दाखवायचे, मीही तिथंच नेली. मेकॅनिक माझ्याच वयाचा, तळवली गावातलाच, तोंडाचा पट्टा सतत चालू. अण्णा गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. ऐकून हळहळला, मग बोनेट उघडता उघडता परत सुरू. "हीटर? ताय, इथं हीटर कोन लावतं? भट्टीत बसून शेकोटी कोन करतं?" मी म्हटलं, तुम्ही आधी बघा तर. त्यानं आत बोट दाखवलं. इंजिनाचं गरम पाणी ज्या दोन पाईपांतून गाडीच्या आत जायला पाहिजे, ते दोन्ही आत जातच नव्हते. पितळेची एक नळी घालून एकमेकांनाच जोडून टाकलेले होते, वर क्लॅम्प आवळलेले.

"हे कोणी केलं?"

"मीच केलंय ना!" त्यानं अगदी अभिमानानं सांगितलं. डॅशबोर्डच्या मागं हीटरची कॉइल असते, गरम पाणी तिच्यातून फिरतं आणि पंखा तिच्यावरची हवा आत सोडतो. ती कॉइल गळत होती. बदलायची तर अख्खा डॅशबोर्ड उतरवायला लागतो. "मंग बाबा बोलले," आणि त्यानं अण्णांचा आवाज काढला, "जोडून टाक रं. गरम व्हायाला नवी मुंबईत हीटर लागतो व्हय?"

हुबेहूब! तोच घोगरा आवाज, तोच शेवटचा हेल. मी चटकन मागं वळून बघितलं. मागं कोणी असणार नव्हतं, नव्हतंच. मेकॅनिकला काय वाटलं कोण जाणे, तो खाली मान घालून क्लॅम्प सोडवायला लागला.

काम सांगितलं आणि वर बजावलं, समोरच्या काचेला आतून कोणी शिवायचं नाही. "साफ करून देतो की, ताय. आमी गाडी पुसूनच देतो." म्हटलं, नाही, शिवायचंच नाही. "का?" "नाही म्हटलं ना एकदा!" त्यानं माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघितलं. पण माणूस शब्दाला जागला. दुसऱ्या दिवशी गेले तर काचेच्या आत वरून वर्तमानपत्र टांगलेलं, काचेला न लागेल असं, आणि त्यावर मार्करनं मोठ्या अक्षरात सूचना, कोणी हात लावू नये.

डॅशबोर्ड उतरवलेली गाडी मला बघवेना. अण्णांनी जीव लावलेली गाडी, आणि पुढं नुसत्या वायरी लोंबताहेत. तळाशी सुपारीची खांडं सापडली, आईची हेअरपिन आणि दसऱ्याच्या आपट्याची वाळकी पानं. ती मी गोळा करून रुमालात बांधली.

नवी कॉइल बसली, पाईप जागेवर गेले, डॅशबोर्ड चढला. ठाणे-बेलापूर रोडला एक चक्कर मारली तर हवा कोमट. थंड नाही एवढंच. मी म्हटलं, हा इंजिनाच्या गरमीचा काटा तळाशीच कसा बसलाय? तेव्हा त्यानं डोकं खाजवलं. "व्हॉल्व्ह पन काढलेला हाय ना." इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा तो व्हॉल्व्ह. इथल्या उन्हात इंजिन उकळू नये म्हणून काढून फेकतात म्हणे. "सगल्यांचाच काढतो आमी." म्हणजे गाडी बिचारी कधी पुरती तापतच नव्हती. माझा पारा मात्र चढला. "अहो, दर हिवाळ्यात माझी आई या गाडीत कुडकुडत जायची, तिचा विचार कोणी करायचा?" मेकॅनिक हळूच म्हणाला, "मी बोललो होतो बाबांना. ते बोलले, गोधडी हाय की."

हात हाय की, गोधडी हाय की. काय बोलणार अशा माणसापुढं! मी तिथंच हसले आणि लगेच मला रडूही आलं.

नवा व्हॉल्व्ह बसला. काटा मध्यावर आला आणि भर दुपारी तळवलीत गाडीच्या जाळीतून वाफाळती गरम हवा आली. मेकॅनिक खूश. त्यानं हवेचं तोंड काचेकडं फिरवलं आणि म्हणाला, "आता घाटात टेन्शन नाय, ताय. ही गरम हवा काचेवर मारत ऱ्हायची. धुकं धरनारच नाय. काच एकदम आरसा!"

इतके दिवस कॉइल, पाईप, व्हॉल्व्ह करत फिरले आणि एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. धुकं नाही म्हणजे हात नाही. हीटर लावला तर आईची छाती शाबूत राहील, बंद ठेवला तर आईला अण्णा दिसतील. ती बाई ज्याच्यासाठी चालली होती तेच मी हौसेनं बंद करून घेतलं होतं. घाम पुसत मी गाडी घरी आणली आणि आईला यातलं काहीही सांगितलं नाही.

आम्ही रात्री दोनलाच निघालो. आई पुढं, पायावर गोधडी, मांडीवर पूजेची पिशवी. निघताना तिनं मागच्या सीटवरची सामानाची बॅग डिकीत टाकायला लावली. का, ते मी विचारलं नाही. लोणावळ्याचा घाट आला तेव्हा मी हीटर लावला. गाडीत छान ऊब झाली, आईच्या छातीतली घरघर कमी झाली. काच मात्र लख्ख. आई टक लावून त्या काचेकडं बघत होती. पुणं मागं पडलं, खंबाटकी चढलो, बाहेर ट्रकवाले कानाला मफलर गुंडाळून चहा पीत होते, तरी काच लख्खच.

"काच धरंना गं," आई म्हणाली.

"हीटर आहे ना आई."

"मंजी?"

सांगावंच लागलं. गरम हवा काचेवर जाते, म्हणून धुकं धरत नाही. आईनं पायावरची गोधडी वर ओढून घेतली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. वाई गेली. पुढं नदीकाठचा अरुंद रस्ता, फटफटत होतं, आणि बाहेर खरं धुकं, शेतं दिसत नव्हती.

"बंद कर त्ये."

"आई, डॉक्टरांनी..."

"डाक्टर न्हाई येणार सराद्धाला. बंद कर म्हणते न्हवं!" मग आवाज एकदम खाली गेला. "आज घालवायचं हाय त्यास्नी. तोंड न बघताच घालवू व्हय?"

मी हीटर बंद केला. गार व्हायला वेळ लागला नाही. आई खोकायला लागली, आणि प्रत्येक खोकल्याबरोबर काच थोडी थोडी पांढरी होत गेली. मी गाडी अगदी सावकाश घेतली. मग तो आला. आधी तळवा, मग बोटं, मधलं आखूड. पार्किंगमध्ये दिसायचा त्याहून ठसठशीत. आई पुढं वाकली. तिच्या श्वासाला शिट्टी यायला लागली होती, तरी ती बघत होती. वर्षभर इतकं बोलली, आणि आता एक शब्द नाही.

तेवढ्यात धुक्यातून अचानक एक दिवा आला. दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल, अगदी पुढ्यात. मी जीव खाऊन ब्रेक मारला. आई पुढं फेकली गेली, दोन्ही हात डॅशबोर्डवर. दूधवाला शिव्या घालत बाजूनं निघून गेला. लागलं कोणालाच नाही. पण माझ्याच्यानं गिअर पडेना, आणि मला पुढचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

आईनं माझ्याकडं बघितलं. माझ्या हाताकडं बघितलं. मग काचेकडं वळून, घरात बोलायची तसं म्हणाली, "अवो, हात काडा आता. पोरीला रस्ता दिसंना."

आणि ती थांबली. खरंच थांबली, अण्णा उठायला वेळ लावायचे तेव्हा थांबायची तशी. नंतर पुढं सरकली. फडकं समोरच होतं, ते तिनं घेतलं नाही. आपला पंजा त्या पंज्यावर टेकवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि मग ओढला.

रस्ता दिसायला लागला. "लाव तुजा हीटर," आई म्हणाली आणि मागं टेकून बसली. मी हीटर लावला, गरम हवा आली. ती ओली मूठ तिनं पदराखाली घेतली आणि गाव येईपर्यंत उघडली नाही.